गोष्टीच्या अंगावरचे कपडे : प्रस्तावना

शंभर वर्षं झोपलेली राजकन्या जागी होते. राजपुत्र तिला हात देऊन उठवतो. तिच्या अंगावर पूर्ण पोशाख आहे, आणि तोही चांगला भारीतला. पण राजपुत्राची नजर एका जागी अडते. राजकन्येची कॉलर ताठ आणि उंच आहे, त्याच्या आजीच्या काळात असायची तशी. मुलगा शहाणा, तो हे तिला सांगत नाही. शार्ल पेरोनं ‘निद्रिस्त सुंदरी’च्या गोष्टीत काढलेला हा चिमटा लहान मुलांसाठी केलेल्या संक्षिप्त आवृत्त्यांतून सहसा गळून पडतो. खरं तर शंभर वर्षं उलटल्याचा सगळ्यात बोलका पुरावा तोच आहे. राजवाडा तसाच आहे, नोकरचाकर तसेच आहेत, राजकन्येच्या चेहऱ्यावर एक सुरकुती नाही. काळ पुढे सरकला तो फक्त बाहेरच्या जगातल्या शिंप्यांच्या दुकानांत.

ही गोष्ट पहिल्यांदा छापली गेली फेब्रुवारी १६९६ मध्ये, ‘मर्क्यूर गालां’ या फ्रेंच नियतकालिकात. १६७२ मध्ये सुरू झालेल्या या नियतकालिकात दरबारच्या बातम्या असत, कविता असत, आणि दरबारात सध्या काय नेसतात-घालतात याचीही खबर असे. १६७८ मध्ये त्यात पोशाखांची कोरीव चित्रंही आली. म्हणजे परीकथा आणि फॅशनची वार्ता सुरुवातीला एकाच अंकातून, एकाच वाचकाच्या हाती जात होती. पुढच्या वर्षी, १६९७ मध्ये, पेरोचा कथासंग्रह आला. त्यातल्या ‘सिंड्रेला’त नाचाला निघालेल्या सावत्र बहिणींची तयारी त्यानं मोठ्या चवीनं सांगितली आहे. थोरली तांबड्या मखमलीचा पोशाख घालणार, त्यावर इंग्लिश लेस लावणार. धाकटी साधाच परकर घालणार, पण त्याची भरपाई सोनेरी फुलांचा झगा आणि हिरे यांनी करणार. कंबर बारीक दिसावी म्हणून नाड्या इतक्या आवळल्या जातात की डझनभर तुटतात. आणि या सगळ्यात सल्ला कोणाचा घेतात? सिंड्रेलाचा. कारण तिची पारख चांगली आहे. राखेत बसणारी ही मुलगी त्या घरातली एकमेव जाणकार आहे, हे पेरो सांगून जातो आणि पुढे सरकतो.

लेखकाला असं पुढे सरकता येतं, चित्रकाराला ती मुभा नाही. ‘एक सुंदर पोशाख’ असं लिहून लेखक मोकळा होतो. चित्रकारानं कागदावर रेघ ओढली की गळा गोल की चौकोनी, बाही फुगीर की अंगाबरोबर, घेर किती, कापड सुती की रेशमी, हे सगळं ठरून जातं. त्यानं काहीच ठरवलं नाही तरी ते ठरतं. गोष्ट ‘एके काळी’ घडलेली असते, तो काळ कोणता हे सांगायची तिला गरज नसते. चित्राला मात्र तो काळ कापडातून सांगावाच लागतो. फॅशनच्या नजरेनं काढलेल्या बालकथांच्या चित्रांचा सगळा इतिहास म्हणजे या एका सक्तीला वेगवेगळ्या चित्रकारांनी दिलेली उत्तरं. कोणी मागचा काळ निवडला, कोणी स्वतःचा, कोणी एखादं नेमकं दशक. या पुस्तकात त्या उत्तरांचा मागोवा घेतला आहे.

पुस्तकाचा मोठा भाग केट ग्रीनअवे (१८४६–१९०१) या इंग्लिश चित्रकर्तीला दिला आहे, कारण चित्रातला पोशाख आणि बाजारातला पोशाख यांची गाठ तिच्याइतकी घट्ट क्वचितच कोणी बांधली असेल. तिचे वडील जॉन लाकडी ठोकळ्यांवर चित्रं कोरणारे कारागीर. एका प्रकाशकाचं दिवाळं निघालं, त्यांच्या कामाचे पैसे बुडाले, तेव्हा आई एलिझाबेथनं लंडनच्या इझलिंग्टन भागात दुकान काढलं. लेस, किरकोळ शोभेच्या वस्तू आणि लहान मुलांचे कपडे तिथे मिळत. एका बाजूला कोरीव ठोकळा आणि दुसऱ्या बाजूला कात्री-टाचण्या, अशा घरात केट वाढली. लहानपणी नॉटिंगहॅमशायरमधल्या रोल्स्टन गावी तिचा मुक्काम असे. तिथे शेतावरची माणसं अजून जुन्या धाटणीचे, छातीवर बारीक चुण्या घातलेले सैल सदरे वापरत. ते कपडे तिच्या डोळ्यांत राहिले. पुढे चित्रकार झाल्यावर ती जुन्या पद्धतीचे पोशाख स्वतः बेतायची, शिवायची, समोर बसवलेल्या मुलांच्या अंगावर चढवायची आणि मग चित्र काढायची. तिच्या चित्रातला परकर म्हणूनच खरा वाटतो. शिवण कुठे आहे आणि चुण्या कुठून सुटतात हे तिच्या हाताला आधीच माहीत असायचं.

१८७९ मध्ये तिचं ‘अंडर द विंडो’ आलं. कविताही तिच्याच. रंगीत लाकूडकोरणीच्या छपाईतला त्या काळचा नाणावलेला मुद्रक एडमंड इव्हान्स यानं पहिल्याच खेपेला २०,००० प्रती छापल्या. प्रकाशक रूटलेज यांना हा आकडा वेडेपणाचा वाटला. दुसरी खेप छापून होण्याआधीच पहिली संपली, आणि पुढे विक्री ७०,००० वर गेली. त्या पानांवरची मुलं आपल्या काळाचे कपडे घालत नव्हती. ग्रीनअवेनं त्यांना साधारण सत्तर-ऐंशी वर्षं मागचे, १८०० च्या आसपासचे कपडे दिले होते. मुलींना छातीखालीच कंबर येणारे मलमलचे लांब झगे, झालरीच्या टोप्या, गवती हॅट. मुलांना जाकिटालाच बटणांनी जोडलेली विजार.

हे कपडे लोकांना इतके का आवडले, याचं उत्तर त्या वर्षांतल्या खऱ्या मुलींच्या अंगावर सापडतं. १८७० च्या दशकातल्या सुखवस्तू घरातली मुलगी म्हणजे तिच्या आईची लहान प्रत असे. अंगासरशी घट्ट चोळी, मागे गोळा करून फुगवलेला घोळ, थरावर थर. त्या कपड्यांत खाली वाकणंही कठीण. ग्रीनअवेच्या झग्यात कंबर मोकळी होती, श्वास घेता येत होता. घट्ट नाड्यांविरुद्ध इंग्लंडमध्ये कुरबुर सुरू झालीच होती. १८८१ मध्ये लंडनला ‘रॅशनल ड्रेस सोसायटी’ स्थापन झाली. १८८४ मध्ये लिबर्टी या प्रसिद्ध दुकानानं वास्तुरचनाकार ई. डब्ल्यू. गॉडविन यांच्या देखरेखीखाली पोशाखांचा स्वतंत्र विभाग काढला. या दुकानानं ग्रीनअवेच्या चित्रांवरून मुलांचे खरे कपडे शिवून विकले. फ्रान्समध्येही त्या धाटणीचं वेड पसरलं. आजीच्या पेटीतला पोशाख चित्रातून फिरून नव्या फॅशनच्या रूपानं नातीच्या अंगावर आला. नकला तर इतक्या निघाल्या की ताटल्या, बाहुल्या, भिंतीवरचे कागद, कुठेही तिची मुलं दिसू लागली, आणि त्यातल्या पुष्कळ ठिकाणी तिच्या हाती दमडीही पडली नाही.

इथे या पुस्तकातला मुख्य प्रश्न उभा राहतो. ग्रीनअवेची मुलं सुंदर उभी राहतात. पण ती धावतात का? जॉन रस्किननं १८८३ मध्ये ऑक्सफर्डच्या व्याख्यानात तिचं भरभरून कौतुक केलं, आणि ते योग्यच होतं. तरी तिची पानं सलग उलटून पाहिली की एक शांतता जाणवते. मुलं रांगेत उभी आहेत, हातात फुलं आहेत, झग्याची प्रत्येक चुणी जागच्या जागी आहे. तिच्याच वयाचा रॅन्डॉल्फ कॅल्डिकॉट (१८४६–१८८६) तिच्या शेजारी ठेवून पाहावा. मुद्रक तोच, एडमंड इव्हान्स. वर्ष जवळपास तेच, १८७८. पुस्तक ‘जॉन गिल्पिन’, आणि पोशाखही मागच्या शतकातला. पण गिल्पिनचा घोडा उधळतो, त्याचा झगा वाऱ्यावर फडफडतो, हॅट उडते, पाठोपाठ केसांचा टोप उडतो. कॅल्डिकॉटच्या चित्रात घोड्याचा वेग कपड्यांवरून कळतो. ग्रीनअवेच्या चित्रात कपडे स्वतःबद्दलच बोलतात. दोघांनी जुना पोशाख निवडला, पण एकानं तो गोष्टीच्या कामाला लावला आणि दुसरीनं गोष्टच पोशाखाच्या कामाला लावली.

हा फरक केवळ दोन स्वभावांचा नाही. फॅशनचं चित्र आणि गोष्टीचं चित्र यांची कामंच मुळात वेगळी आहेत. फॅशनच्या चित्रात कपडा पूर्ण दिसला पाहिजे, म्हणून माणूस स्थिर उभा राहतो, मागची जागा मोकळी सोडली जाते, चेहरा पुसट असला तरी चालतो. गोष्टीच्या चित्रात कोणीतरी काहीतरी करत असतं. कपडा चुरगळतो, चिखलात माखतो, काट्यात अडकून फाटतो. शरीराच्या मापातही हा झगडा आहे. प्रौढ माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या साधारण साडेसात पट असते. फॅशनचं रेखाटन ती नऊ पटींपर्यंत ताणतं, कारण लांब पायांवर कापड छान पडतं. पाच-सहा वर्षांच्या मुलाचं शरीर मात्र पाच-सहा डोक्यांचं असतं. डोकं मोठं, पाय आखूड, पोट पुढे. नऊ डोक्यांची लाल टोपीवाली काढली की ती लांडग्याला भेटायला चाललेली मुलगी राहत नाही, रॅम्पवरची मॉडेल होते. फॅशन शिकून बालपुस्तकांकडे वळणाऱ्या प्रत्येकाला हाताचं हे वळण मोडावं लागतं.

ॲलिसच्या पोशाखाची कथा या दृष्टीनं फार शिकवणारी आहे. १८६५ च्या ‘ॲलिस इन वंडरलँड’साठी जॉन टेनिएलनं ४२ चित्रं काढली आणि डॅल्झिएल बंधूंनी ती लाकडावर कोरली. टेनिएलची ॲलिस कसलीही खास वेशभूषा करत नाही. गुडघ्याखालीच संपणारा झगा, छोट्या फुगीर बाह्या, वर पांढरा ॲप्रन. त्या काळच्या मध्यमवर्गीय घरातल्या सात वर्षांच्या मुलीचा हा रोजचा वेष. वेड्या दुनियेत इतका साधा कपडा घालून वावरणारी मुलगी, म्हणूनच ती दुनिया अधिक वेडी दिसते. ती उंच वाढते, बोटभर होते, आणि प्रत्येक वेळी झगा तिच्याबरोबर निमूट वाढतो-आखडतो. कपडे कसे पुरले, असा प्रश्न एकाही मुलाला पडत नाही, इतका तो पोशाख तिचाच होऊन गेलेला आहे. १८७१ च्या दुसऱ्या पुस्तकात टेनिएलनं काळाची दखल घेतली. आडव्या पट्ट्यांचे मोजे आले, केसांना पट्टा आला. तसा पट्टा इंग्लंडमध्ये आजही ॲलिसच्या नावानं विकला जातो. १८९० मध्ये अगदी लहान मुलांसाठी ‘नर्सरी ॲलिस’ रंगीत निघालं, तेव्हा तिचा झगा पिवळा होता. आज जगभर ॲलिस म्हटलं की निळा झगा डोळ्यांसमोर येतो, त्याला पुढच्या आवृत्त्यांनी आणि १९५१ च्या डिस्ने चित्रपटानं हातभार लावला.

१९०७ मध्ये इंग्लंडमध्ये या पुस्तकाचा स्वामित्वहक्क संपला आणि ॲलिस सगळ्यांची झाली. त्याच वर्षी आर्थर रॅकहॅमनं तिला नाजूक फुलांच्या छापाचा मऊसूत झगा दिला. तेव्हापासून प्रत्येक पिढीनं तिला आपल्या मोसमाचे कपडे चढवले आहेत. याचं टोक डिसेंबर २००३ च्या अमेरिकी ‘व्होग’मध्ये दिसलं. ॲनी लीबोव्हिट्झची छायाचित्रं आणि ग्रेस कॉडिंग्टनची मांडणी. ॲलिसच्या जागी मॉडेल नतालिया व्होदियानोवा, आणि बाकीच्या भूमिकांत खुद्द नामवंत डिझायनर. टॉम फोर्ड पांढरा ससा झाला होता, मार्क जेकब्ज सुरवंट. करमणूक झकास. पण तिथली ॲलिस मोठी झाली आहे. तिला आता वाढायचं नाही, आखडायचं नाही, फक्त दिसायचं आहे. टेनिएलच्या साध्या ॲप्रनमध्ये जे नाट्य होतं ते या उंची पोशाखांत उरत नाही, याची कारणमीमांसा पुढे एका स्वतंत्र प्रकरणात आहे.

चित्रातून बाजारात उतरलेल्या पोशाखाचं आणखी एक उदाहरण थोडक्यात सांगण्याजोगं आहे. फ्रान्सिस हॉजसन बर्नेट यांची ‘लिटल लॉर्ड फॉन्टलरॉय’ ही कादंबरी १८८५ पासून अमेरिकेतल्या ‘सेंट निकोलस’ या मुलांच्या मासिकात क्रमशः आली आणि १८८६ मध्ये पुस्तकरूप झाली. रेजिनाल्ड बर्चनं तिच्या नायकाला काळ्या मखमलीचा सूट, रुंद लेसची कॉलर आणि खांद्यावर रुळणारे कुरळे केस दिले. आयांनी ते चित्र पाहिलं आणि घरोघर मखमल बेतली जाऊ लागली. ज्या मुलांना तो सूट घालावा लागला त्यांना तो मुळीच आवडला नाही. आईच्या नजरेला गोड दिसणारा मुलगा आणि झाडावर चढू पाहणारा मुलगा एकाच कपड्यात मावत नाहीत. चित्रकारानं पोशाख कोणासाठी काढला, मुलासाठी की मुलाच्या आईसाठी, हा प्रश्न ग्रीनअवेपासून आजपर्यंत पिच्छा सोडत नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी चित्रछपाई बदलली आणि तिच्याबरोबर चित्रातलं कापडही बदललं. लाकूडकोरणीत प्रत्येक चुणी ही एक रेघ असते. कापडाचा घेर, मोड, शिवण यात सांगता येते, पण रेशमाची झळाळी सांगता येत नाही. कॅमेऱ्यानं रंग वेगळे करून तीन रंगांत छापण्याचं तंत्र रुळलं तेव्हा जलरंगातल्या छटा जशाच्या तशा उतरू लागल्या. त्यासाठी गुळगुळीत कागद लागे, म्हणून चित्रं वेगळ्या कागदावर छापून पुस्तकात चिकटवत आणि वर पातळ कागदाचं आवरण घालत. आता जरीची चमक, तलम पडद्यातून दिसणारा दंड, मोतिया साटीन, सगळं शक्य झालं. तुलूझमध्ये जन्मलेला एडमंड द्युलाक (१८८२–१९५३) या तंत्राचा बादशहा. त्याची ‘अरेबियन नाइट्स’ची चित्रं १९०७ ची. १९१० मध्ये पॅरिसला रशियन बॅलेनं ‘शेहेराझाद’ सादर केलं, लेऑन बाक्स्टच्या वेशभूषेनं शहर वेडं झालं. जून १९११ मध्ये वेशकार पॉल प्वारे यानं ‘एक हजार दुसरी रात्र’ या नावाची मेजवानी दिली आणि पाहुण्यांना पौर्वात्य वेष सक्तीचा केला. गोष्टीचं पुस्तक, रंगमंच आणि शिंप्याचं दुकान यांतून एकच वारं वाहत होतं. द्युलाकनं १९१० च्या ‘स्लीपिंग ब्यूटी’ संग्रहात निळ्या दाढीवाल्यालाही पूर्वेकडचा पोशाख घातला, तो याच हवेत.

डॅनिश चित्रकार काय नील्सेन (१८८६–१९५७) यानं १९१३ मध्ये ‘इन पावडर अँड क्रिनोलिन’ची चित्रं काढली. पुस्तकाच्या नावातच केसांची पावडर आणि घेरदार परकराचा सांगाडा आहे. त्याच्या राजकन्या उंच, बारीक, छोट्या चेहऱ्याच्या. फॅशनचं ताणलेलं शरीर इथे शोभतं, कारण या गोष्टींतल्या नायिका मुली नसून लग्नाच्या वयाच्या तरुणी आहेत. आणि ही पुस्तकं बालकथांच्या नावाखाली निघत असली तरी ती महागडी, नाताळच्या भेटीसाठी प्रौढांनी प्रौढांना द्यायची होती. त्याच सुमारास, १९१२ मध्ये, पॅरिसला ल्युसियां व्होजेलनं ‘गाझेत द्यु बाँ ताँ’ हे फॅशनचं नियतकालिक सुरू केलं. जॉर्ज बार्बिए, जॉर्ज लेपाप यांच्यासारखे चित्रकार त्यात असत. त्यातली रंगीत चित्रं पोश्वार पद्धतीची, म्हणजे धातूच्या पातळ पत्र्यातून आकार कापून प्रत्येक रंग हातानं भरलेली. सपाट, स्वच्छ रंगाचे हे तुकडे पाहिले की शिंप्यानं मेजावर मांडलेले कापडाचे तुकडेच समोर येतात. फॅशनच्या चित्रानं परीकथेकडून नाट्य घेतलं आणि परीकथेच्या चित्रानं फॅशनकडून रंगाचा हा स्वच्छ काप घेतला.

आपल्या काळातलं सगळ्यात खेळकर उत्तर डेव्हिड रॉबर्ट्स या इंग्लिश चित्रकाराचं आहे. तो मुळात मँचेस्टरला फॅशन शिकला आणि हॅटही करायचा. ‘रोझी रिव्हिअर, इंजिनिअर’ची त्याची चित्रं आपल्याकडच्या घरांतही पोचली आहेत. लिन रॉबर्ट्स यांच्या लेखनासाठी त्यानं जुन्या परीकथा एकेका नेमक्या काळात नेऊन ठेवल्या. २००१ ची ‘सिंड्रेला’ आर्ट डेकोच्या जमान्यात, २००३ ची ‘रपुन्झेल’ १९७० च्या दशकात, घेरदार पँटा आणि रंगीत भिंतींसकट. इथे दशक हे नुसतं नेपथ्य नाही. रपुन्झेल उंच इमारतीत अडकलेली आहे आणि तिथे केस हीच लिफ्ट आहे. लांब मोकळे केस ज्या दशकाची खूण होते त्या दशकात ही गोष्ट ठेवली की गोष्टीची कळ आणि काळाची फॅशन एकाच जागी येतात. तयार कपड्यांच्या दुकानात वाढलेल्या ग्रीनअवेनंतर हॅट करणाऱ्या हातानं परीकथेला पुन्हा हात घातला तो असा, आणि या वेळी मुलं उभी न राहता धावतात.

मराठी वाचकासाठी हा विषय परका आहे का? १९१४ मध्ये लंडनच्या मॅकमिलननं ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ हे पुस्तक काढलं. सी. ए. किंकेडनं त्यात आपल्या श्रावणातल्या कहाण्या इंग्रजीत सांगितल्या आणि चित्रं काढली महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांनी. कोल्हापूरला जन्मलेल्या, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये घडलेल्या धुरंधरांची पोशाखावरची नजर किती बारीक होती हे ओटो रॉथफेल्डच्या ‘विमेन ऑफ इंडिया’साठी त्यांनी केलेल्या चित्रांवरून दिसतं. कोणत्या समाजातली बाई लुगडं कसं नेसते, पदर कुठून घेते, हे त्यांना पाठ होतं. कहाणीतलं आटपाट नगर कोणत्याही काळात, कोणत्याही मुलखात नसतं. धुरंधरांना मात्र त्या नगरातल्या माणसांना काहीतरी नेसवावं लागलं, आणि त्यांनी त्यांना दख्खनचा पेहराव दिला. इंग्लंडमधल्या चित्रकारांपुढची सक्ती इथेही तीच होती.

आणि पोशाखावर बेतलेली गोष्ट हवी तर शुक्रवारच्या कहाणीसारखी दुसरी नाही. श्रीमंत भाऊ सहस्रभोजन घालतो, गरीब बहिणीला बोलवत नाही. ती मुलांना घेऊन तशीच जाते तर तिचा अपमान करून पंगतीतून उठवतो. पुढे देवीच्या कृपेनं बहिणीचे दिवस फिरतात, भाऊ आता मानानं जेवायला बोलावतो. ती शालजोडी आणि दागिने घालून जाते, पाटावर बसते, अंगावरची एकेक वस्तू उतरवून ठेवते आणि ताटातला एकेक पदार्थ त्यांच्यावर ठेवते. आमंत्रण ज्यांना होतं त्यांना ती वाढते आहे. कपड्याला मान आणि माणसाला नाही, हा सिंड्रेलाच्या गोष्टीत दडलेला निष्कर्ष आपली कहाणी उघड करून दाखवते. सिंड्रेला भारी पोशाखानं जिंकते, ही बहीण भारी पोशाख उतरवून जिंकते. फॅशनच्या डोळ्यानं मराठी गोष्ट चितारू पाहणाऱ्यानं सुरुवात इथून करावी. सिंड्रेलाच्या झग्याला पैठणीचे काठ लावले म्हणजे ती मराठी होत नाही. पण शुक्रवारच्या बहिणीची शाल पहिल्या पानावर नसणं, मधल्या पानावर असणं आणि शेवटच्या पानावर पाटावर पडलेली असणं, एवढ्यावर अख्खं पुस्तक उभं राहू शकतं. नऊवारीचा काष्टा तर धावायला, घोड्यावर बसायलाही मोकळा. कॅल्डिकॉटला हवा होता तसला कपडा आपल्याकडे तयारच आहे.

या विषयावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो रास्त आहे. मुलांच्या गोष्टींत फॅशन आणली की मुलींना लहानपणीच दिसण्याच्या शर्यतीत ढकललं जातं, राजकन्या म्हणजे दुकानातल्या काचेमागचा पुतळा होते. असं होतं, पुष्कळदा होतं. फॉन्टलरॉयच्या मखमलीपासून खेळण्यांच्या दुकानातल्या चमचमत्या झग्यांपर्यंत त्याचे पुरावे आहेत. पण यावर चित्रातून पोशाख काढून टाकणं हा उपाय होऊ शकत नाही, कारण तो निघतच नाही. बेफिकिरीनं काढलेला गुलाबी झगासुद्धा मुलीला काहीतरी शिकवतोच. उपाय आहे तो पोशाख विचारपूर्वक काढण्याचा. ग्रीनअवेनं हेतू नसतानाही एका पिढीच्या मुलींची कंबर मोकळी केली. चित्रातला कपडा मुलांच्या अंगापर्यंत पोचतो हे एकदा मान्य केलं की चित्रकाराची जबाबदारी वाढते.

पुढच्या प्रकरणांचा क्रम काळाप्रमाणे लावला आहे, पण वाचकानं तो पाळलाच पाहिजे असं नाही. शिवणकाम येणाऱ्यानं ग्रीनअवेपासून सुरुवात करावी आणि तिच्या झग्यांचे भाग डोळ्यांनी सुटे करून पाहावेत. चित्रकलेच्या विद्यार्थ्यानं शरीराच्या मापांवरचं प्रकरण आधी वाचावं. मुलांना रात्री गोष्टी वाचून दाखवणाऱ्यांनी कुठूनही उघडावं, कारण कपड्यांबद्दलचे सगळ्यात अवघड प्रश्न त्यांनाच विचारले जातात. खिसा कुठे आहे, काचेचा बूट टोचत नाही का, लांडग्यानं आजीचे कपडे घातले तर बटणं कशी लागली.

सगळ्यांसाठी एक कसोटी मात्र समान आहे. कोणतंही चित्र घ्या आणि त्यातला पोशाख मनातल्या मनात बदलून पाहा. ॲलिसला रेशमी झगा घाला, गिल्पिनचा टोप खिळ्यानं ठोकून बसवा, जागी झालेल्या राजकन्येला चालू मोसमाची कॉलर लावा. गोष्टीचं काही बिघडलं नाही तर तो पोशाख नुसता सुंदर होता. गोष्ट लंगडली, तर चित्रकारानं आपलं काम केलं आहे. या पुस्तकातली चित्रं निवडताना हीच कसोटी लावली आहे. जिथे निवड पटणार नाही तिथे वाचकानं तीच कसोटी लावून भांडावं.